बिबट्याचं पारणं

आळेफाट्याच्या इंदरचंदशेठनी कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केलं, तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट होतं आणि गुडघे सोडले तर सगळं शाबूत होतं. पुढचा महिनाभर ते दुकानातच बसून मुलगा पारस कापड कसं फाडतो यावर लक्ष ठेवत होते. शेवटी सून हर्षाने त्यांच्या हातात जुना मोबाइल ठेवला, व्हिडिओ कसा काढायचा आणि इंटरनेटवर कसा टाकायचा ते शिकवलं, आणि दुकानात व घरात दोन्हीकडे शांतता झाली.

फाट्यापासून आठ किलोमीटरवर एका संस्थेची लहानशी प्राणिबाग आहे. चार हरणं, दोन मोर, थोडी माकडं, एक साळिंदर आणि एक म्हातारा बिबट्या. शेठ रोज एसटीने तिथे जात आणि एकेका पिंजऱ्यापुढे उभं राहून चित्रण करत. करता करता बोलतही. "हे हरीण. पाला खातं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." साळिंदर दिवसा झोपतं, तरी त्याच्यावर सात मिनिटांचा व्हिडिओ होता. तो अकरा जणांनी बघितला, त्यातले नऊ नात्यातले.

बिबट्याला तर विचारूच नका. तो उसातून कधी बाहेर पडेल या धास्तीने जिथे लोक दिवेलागणीला दारं लावून घेतात, तिथे पिंजऱ्यातला बिबट्या बघायला कोण मोकळं बसलंय? त्यात दुपारी चारला त्याचं जेवण आलं की शेठ मोबाइल खिशात घालून माकडांकडे निघून जात. मांस हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. ते नुसतं 'ते' म्हणत. "गोरक्षभाऊ, ते यायच्या आत मला दोन मिनिटं द्या."

गोरक्ष बिबट्याचा राखणदार, पिंपरी पेंढारचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. त्यातली पाच बिबट्याने नेली, तेव्हा उरलेली विकून गोरक्ष बागेत कामाला लागला, आणि तेव्हापासून बिबट्याला जेवू घालतोय. बिबट्याचं नाव त्याने जानकू ठेवलं होतं. त्या नावाचा त्याचा एक चुलता होता, तोही असाच भिंतीकडे तोंड करून बसायचा.

एका सोमवारी चार वाजून गेले तरी जेवण आलं नाही.

"आज न्हाई शेठ," गोरक्ष म्हणाला. "सोमवारी जानकूचा उपास असतो."

"उपास?"

"दर सोमवारी. फकस्त पाणी."

गोष्ट साधी होती. जंगलात जनावराला रोज शिकार मिळत नाही, म्हणून बागेत आठवड्यातून एक दिवस त्याच्या पोटाला सुटी. गोरक्ष तेही सांगणार होता, पण तोवर शेठनी हात जोडले होते. त्यांच्या जैन घरात उपवास म्हणजे खिचडी नव्हे आणि रताळी तर नव्हेच. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. त्यांच्या पत्नी गुलाबबाईंनी असे सलग आठ दिवसांचे उपवास तीनदा केले होते. शेठना मात्र दुपारी बाराला घेरी यायची, आणि चाळीस वर्षं ते घरात या एका बाबतीत मान खाली घालून वावरत होते.

त्यांनी व्हिडिओ टाकला. "हा जन्माचा शिकारी. पण सोमवारी पाण्याशिवाय काही घेत नाही. आणि आपण?"

चार दिवसांत तो दोन लाख लोकांनी बघितला. खाली तपाला दाद देणारी 'अनुमोदना, अनुमोदना' अशी रांग लागली. शेठनी स्वतःही सोमवार धरला, आणि नवल म्हणजे घेरी आली नाही. मंगळवारी सकाळी पारणं करायला, म्हणजे उपवास सोडायला, गुलाबबाईंनी मुगाचं पाणी स्वतःच्या हाताने पुढे केलं आणि वर विचारलं, "बरं वाटतंय ना?" चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. शेठना दोन लाखांपेक्षा तो जास्त मोलाचा वाटला, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

चौथ्या आठवड्यात पुण्याच्या एका मंडळाचा निरोप आला. मंगळवारी आम्ही बस करून येतोय, तपस्वी बिबट्याचं पारणं बघायचंय. बागेच्या व्यवस्थापकांना इतका आनंद झाला की त्यांनी फाटकावर झेंडूची कमान लावली. गोरक्षला त्यांनी बजावून ठेवलं, पाहुण्यांना मांस दिसता कामा नये. ते चारपर्यंत थांबले तर मंगळवारचं बुधवारी दे.

बस सकाळी दहाला यायची ती साडेतीनला आली. शेठनी आपलं पारणंही पाहुण्यांसाठी लांबवलं होतं. मुगाच्या पाण्याचा डबा गुलाबबाईंच्या पिशवीत होता आणि शेठच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तरी त्यांनी मोबाइल चालू करून कट्ट्यावर नीट उभा केला.

पाहुण्या बायकांनी स्तवन म्हटलं. मग एकीने चांदीची वाटी काढली, तिच्यात मुगाचं पाणी ओतलं, आणि गोरक्षने ती काठीने गजांखालून आत सरकवली. जानकू उठला. त्याने वाटी हुंगली, शेठकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"बेला केला! तपस्वीने बेला केला!" कुणीतरी ओरडलं. बेला म्हणजे सलग दोन दिवसांचा उपवास. लोकांनी जयजयकार केला. एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोरक्ष शेठच्या कानाशी आला. "शेठ, त्यानं रविवारी चारला खाल्लंय. आता उद्या चारला. तीन दिस व्हतील. काल व्हता त्यो उपास. ह्यो उपास न्हाई. ही उपासमार हाय."

जानकू आता जेवण यायच्या झडपेपाशी गेला होता आणि तिथली रिकामी फरशी चाटत होता.

इंदरचंदशेठ गजांपर्यंत गेले. उपवास धरताना पचक्खाण घ्यावं लागतं, आपल्या तोंडाने व्रत उच्चारावं लागतं. जानकूने काय उच्चारलं होतं? त्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आणि खाणाऱ्याच्या तोंडचा घास अडवणं याला अंतराय म्हणतात, त्याचं पाप लागतं, हे शेठना पाळण्यात असल्यापासून पाठ होतं. पण तो घास आपल्या शब्दाने द्यायला लावायचा, त्याचं पाप वेगळं. कुठलं मोठं, हे विचारायला तिथे कुणी महाराजसाहेब नव्हते. समोर चाळीस पाहुणे होते आणि गुलाबबाई होत्या.

"हा तपस्वी नाही," शेठ म्हणाले. "हा उपाशी आहे. मी चुकीचं सांगितलं. गोरक्षभाऊ, त्याला मांस द्या."

"काय द्या?" आजोबांनी विचारलं.

"मांस," शेठ म्हणाले. दुसऱ्या वेळी ते सोपं गेलं.

बस सहा मिनिटांत निघाली. वाटीसुद्धा मागे राहिली. व्यवस्थापक कमानीखाली कितीतरी वेळ हात जोडून उभे होते. गुलाबबाईंनी पिशवीतून डबा काढून शेठच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी हरणांपाशी बसते. तुम्ही थांबा त्याच्याजवळ. होऊ दे त्याचं जेवण."

गोरक्षने मागच्या खोलीत ठेवलेलं आजचं मांस आणून झडप वर उचलली. शेठनी पिंजऱ्याकडे पाठ केली आणि ते कट्ट्यावर बसले. मागे हाड मोडल्याचा आवाज झाला, मग आणखी एक. आता आपल्याला मळमळणार अशा तयारीने त्यांनी कट्टा घट्ट धरला. मळमळलं नाही. कडकडून भूक लागली. त्या भुकेची त्यांना भयंकर लाज वाटली, आणि मागचा आवाज ऐकता ऐकता ती लाजही थोडी थोडी कमी होत गेली. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि जानकूच्या बरोबरीने, त्याच्याकडे पाठ करून, मुगाचं पाणी प्यायला सुरुवात केली.