"सून असते ना घरी"

"आजी, हे नुसतं म्हातारपण नाही. ही फ्रेल्टी आहे," मुलुंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फ्रेल्टी म्हणजे अंगातली ताकद इतकी उतरते की साधा ताप आला किंवा मनाला काही लागलं, तरी माणूस पुन्हा उभारी धरत नाही. माझं वजन सहा किलो उतरलं होतं. हे गेल्यापासून एकटीसाठी कुकर कशाला लावायचा म्हणून मी चहा-खारीवर भागवत होते.

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"सून असते ना," मी ठोकून दिलं. सून कॅनडात! पण एकटी म्हटलं की डॉक्टरीणबाई माझ्या मुलाला फोन करणार, आणि तो माझं नाहूरचं घर बंद करून मला वृद्धाश्रमात ठेवणार, ही धास्ती.

त्यांनी व्यायाम दिला. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं. "सुनेला शेजारी उभं करा हं."

तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची सरकली आणि मी धाडकन फरशीवर. दीड तास उठताच येईना. भिंतीपलीकडे शेजारच्या वैशालीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. अगं बाई, हाक मार ना! नाही मारली. तिला कळलं की सोसायटीला कळणार, मग मुलाला. लाज वाटत होती आणि भयंकर एकटं वाटत होतं. शेवटी पलंगाला धरून कशीबशी उठले.

मग दवाखाना गाठला. एक्स-रे ठीक आला. वेटिंगमध्ये प्रत्येकासोबत कुणी ना कुणी होतं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी. डॉक्टरीणबाईंना खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "मुलाला मी फोन करत नाही. पण शेजारी कुणाला तरी आजच सांगा."

तशीच जाऊन वैशालीचं दार वाजवलं. ती कणीक मळत होती. "दीड तास? काकू, मी इथेच होते हो!" म्हणत ती रडायलाच लागली.

आता रोज सकाळी ती पोळ्या लाटते आणि मी तिच्या ओट्यासमोर उठबस करते. सध्या सात होतात. मग घरी येते. दिवस खायला उठतो, खोटं कशाला बोलू? पण तुम्हीही असे एकटे असाल, तर हाक मारा. लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

त्या दिवशी दारात वैशालीने कणकेच्या हातांनीच मला जवळ घेतलं. त्याआधी कुणी जवळ घेतलं होतं, ते मला आठवेना.