कादंबरीनं लातूरला धाडलं

नायगावच्या स्टँडवर सकाळची नांदेड गाडी धरली तेव्हा शेजारचा हणमंता म्हणाला, "वहिनीला जाऊन वर्ष झालं न्हाई अन् सणाला निघालात?"

"सणाला न्हाई. कबुली द्यायला," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. वाचणाऱ्याला सरळ सांगतो.

माझी बायको कांता श्रावणात गेली. तिचं माहेर लातूरजवळ, औशाच्या रोडला. तिकडं मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस (वेळ अमावस्या) करतात, अख्खं गाव शेतात जेवायला जातं. आमच्या घरी हा सण नाही. तिचा धाकटा भाऊ शिवराज दर साली तिला न्यायला यायचा. दर साली मी चुलीपाशी जाऊन हळूच सांगायचो, "तुरी काढायच्यात. जायचं न्हाई." मग बाहेर येऊन मेव्हण्यासंगं चहा प्यायचो. ती त्याला काय सांगून वाटेला लावायची, मी कधी विचारलं नाही. नऊ वर्षांमागं त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही तेच. आई गेली, अन् शिवराज यायचा बंद झाला. आईच्या दहाव्याला कांताशी तो शब्द बोलला नाही.

कांताच्या ट्रंकेत एक कादंबरी होती. वाचून वाचून तिची शिवण उसवलेली. मी चौथी पास. बोट ठेवून रोज दोन पानं वाचत गेलो. त्यातला नवरा मारत नाही, पीत नाही, नुसता नको म्हणतो. मला त्याचा लई राग येत होता. मग एके ठिकाणी बायकोचा भाऊ तिला न्यायला येतो. नवरा आत जाऊन नको म्हणतो. ती बाहेर येते आणि हसून भावाला सांगते, माझंच मन नाही. मी पुस्तक मिटलं. आमच्या घरातलं ह्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?

कांता असंच सांगत असेल, तर शिवराज इतकी वर्षं चुकीच्या माणसावर रुसला होता. ते त्याला सांगायचं होतं.

नांदेडला गाडी बदलली. लातूरची गाडी निम्मी रिकामी. लोह्यापासून दोन्ही अंगाला हरभरा, ज्वारी, करडी. अहमदपूर सोडल्यावर रानारानात कडब्याच्या कोपी (खोपी) दिसायला लागल्या, त्यांच्या पुढं लुगड्यांचे रंग. कंडक्टर म्हणाला, "बाबा, आज लातूरला कुणाकडं? लातूर तर शेतात गेलंय."

खरंच गेलं होतं. डाळमिली गप्प, क्लासच्या पोरांचे रस्ते मोकळे, चहाच्या टपरीला फळकुट लावलेलं. एकच रिक्षावाला दिसला. तोही बायकापोरं अन् आंबिलीचं मडकं रिक्षात बसवत होता. औशाच्या रोडला येतो का विचारलं, तर हसला. "येळवशीला रिक्षा हुडकायलात? नांदेडकडचे दिसता!"

मी चालू लागलो. कोसभर गेलो असेन, तर बांधावरून एका म्हातारीनं हाक मारली. "ओ पाव्हणं, असं उपाशी जाऊ नगा!"

"मला एका ठिकाणी आधी बोलायचंय, मावशी."

"बोलणं काय नासतंय का? भज्जी नासंल. बसा."

बसलो. भज्जी (हिरवे दाणे, भाजीपाला अन् बेसन घालून केलेली पातळ भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), वर ताक-ज्वारीची आंबील. कांतानं लग्नानंतर एकदा घरी भज्जी केली होती. मी म्हणालो होतो, "हे काय, गुरांचं?" परत तिनं केली नाही. मी बाहीनं डोळे पुसले. म्हातारी म्हणाली, "तिखट झालं का?" मी हाव म्हणालो.

शिवराजचं रान सापडलं तेव्हा तो डहाळीनं पिकावर आंबील शिंपत फिरत होता. येळवशीला सगळ्या रानाला असा फेरा घालतात. त्याच्या बायकोनं, सुमननं, मला ओळखून डोक्यावर पदर घेतला. "या दाजी," एवढंच म्हणाली. मी आंबिलीची चरवी उचलली आणि शिवराजच्या मागं चालू लागलो. त्यानं एकदा बघितलं.

तिसऱ्या बांधावर मी विचारलं, "न्यायला यायचास तवा कांता तुला काय म्हणायची?"

"आता कशाला ते?"

"सांग."

"म्हणायची, मलाच यावं वाटत न्हाई, तिकडं करमत न्हाई. आई मरायला टेकली तरी हेच. मी आईला जाऊन तसंच सांगितलं."

"खोटं बोलायची ती. नको मी म्हणायचो. आत जाऊन."

डहाळी थांबली.

"अन् भाईर येऊन माझ्यासंगं चहा पीत होता?"

"हाव."

"साखर कमी हाय म्हणून तिलाच हाक मारत होता."

"हाव."

मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण फेरा अर्धा टाकता येत नाही. तो पुढं चालू लागला, डहाळी चरवीत बुडवायला मागं हात करायचा, तोंड मात्र वळवत नव्हता. शेवटचा बांध येईपर्यंत त्याचे खांदे हलत होते.

येळवशीला वैऱ्यालाही उपाशी धाडत नाहीत. त्यानं स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला, आणि मी हात धुवेपर्यंत स्वतः जेवायला बसला नाही. सडकेपर्यंत सोडायला आला.

"दाजी, अक्काच्या मातीला आलो होतो मी. सगळे म्हणत होते, तोंड बघून घे. मी बघितलं न्हाई तिचं."

एक जीप आली, त्यानं हात करून थांबवली आणि मला आत बसवलं.

नायगावला येऊन आठ दिवस झाले. हणमंता विचारतो, काम झालं का. कादंबरीत बायको मरते तिथं पुस्तक संपतं, नवऱ्याचं पुढं काय झालं ते त्या लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. त्याला ठाऊक नसेल. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की कांताचं नाव निर्मळ होईल. झालंही. पण शिवराजला रागाचा तरी आधार होता. तोही मी काढून घेतला, आणि तिथं त्याला जन्मभर पुरेल एवढं रडणं ठेवून आलो.