नातीच्या हातचं घड्याळ

उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत अंगावर आला आणि माझी नात रस्त्याच्या मधोमध उभी राहून मनगटावरचं घड्याळ बघत राहिली. हॉर्न ऐकू येत होता, असं तिनं नंतर सांगितलं. बाजूला व्हायचं, एवढं मात्र तिला सुचेना. मी वेणी धरून ओढलं. दोघी बोरीच्या काट्यात पडलो.

ड्रायव्हर उतरून म्हणाला, "म्हातारे, पोरगी बहिरी हाय का?"

बहिरी नव्हती. तिचं डोकं थकलं होतं आणि मला महिनाभर ते कळलं नव्हतं.

ती पाच हजार मीटर पळते. रोज सकाळी कड्याच्या रस्त्यावर ती पळायची, मी तिथंच गवत कापायची. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली तशी ती बिघडली. चहात मीठ टाकायची. एकच गोष्ट तीनदा विचारायची. हाक मारली की खेकसायची. पाय धडधाकट दिसत होते, म्हणून शाळेतल्या खेळाच्या शिक्षकानं पळणं वाढवलं आणि मी दूध, अंडी वाढवली. नजरही काढली. मिरच्या वाया गेल्या.

काट्यातून उठताना मला माहेरची शेळी आठवली. आमची मेंढरं होती. कळपापुढं घंटी बांधलेली एक शेळी चालायची, कळपाला वाट तीच दाखवायची. कधी ती चांगली धष्टपुष्ट असूनही मध्येच उभी राही, काही केल्या हलत नसे. बाप तिला मारत नसे. घंटी काढून दुसरीच्या गळ्यात बांधी आणि तिला पंधरा दिवस मागं ठेवी. चालणं तेवढंच, वाट दाखवायची नाही.

मी नातीच्या हातचं घड्याळ काढून घेतलं.

"दे आजी. निवड हाय."

"असू दे. पळायचं तर पळ. मोजायचं न्हाई."

"मंग कळंल कसं?"

"ट्रॅक्टर आलेला कळला न्हाई तुला. आन् काय कळायचंय?"

 मग ती झोपली, उठली, जेवली, परत झोपली. शिक्षक घरी येऊन मलाच बोलून गेला. निवडीचा दिवस आला, ती गेली नाही. आता तिच्या मनाला येईल तेव्हा पळते. चहा गोड होतो. घड्याळ ज्वारीच्या कणगीत आहे, ती रोज मागते. द्यावं की नाही, मला ठरवता येत नाही. दिवसातून दोनदा मी कणगीत हात घालून बघते.

त्या सकाळी रस्त्यावर आम्ही दोघी होतो. दोघी जिवंत आहोत. तेव्हापासून माझा डावा गुडघा वाकत नाही.