गाळलेलं वाक्य

वस्तीत त्यांना सगळे चावीवाले म्हणत. बस थांब्यामागच्या एवढ्याशा टपरीत ते कुलपं दुरुस्त करत आणि चाव्या बनवून देत. स्वभावाने भलतेच भित्रे. रस्ता ओलांडताना बायकोचा हात घट्ट धरायचे आणि तो तिच्यासाठीच धरलाय असं दाखवायचे. जगातलं कुठलंही कुलूप उघडतं हे ज्याला ठाऊक, त्याला झोप कशी लागणार, असं स्वतःच हसत म्हणायचे.

बायको अगदी उलट. पाळणाघर चालवून तिने निम्म्या वस्तीची पोरं वाढवली होती. त्याच पोरांच्या आईबापांनी तिला निवडणुकीला उभं केलं, निवडूनही आणलं, आणि चावीवाले बघता बघता नगरसेविकेचे यजमान झाले. दर शनिवारी संध्याकाळी ती वस्तीच्या ग्रुपवर खबर द्यायची: सभेत काय ठरलं, कुठली पाइपलाइन बदलणार, कुठल्या गल्लीत दिवे लागणार. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सांगायची, चावीवाले मोबाइलवर टाइप करायचे.

"बाजारातली मुतारी मंजूर झाली असं लिहा. पण शब्द जरा बरा घाला हं."

त्या आठवड्यातला विषय मात्र हसण्यासारखा नव्हता. शाळेच्या भिंतीला लागून रसायनांच्या पिंपांचं गोदाम होतं. वर्गात बसलेल्या मुलांचे डोळे चुरचुरायचे. बुधवारी समितीपुढे सुनावणी होती. रहिवासी आले नाहीत, तर कुणाची हरकत नाही असं धरून गोदामाचा परवाना वाढवून मिळणार होता.

शनिवारी दुपारी टपरीवर एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मधाळ. त्याने एक चावी पुढे केली.

"हिची आणखी एक बनवून द्या."

चावीवाल्यांनी ती हातात घेतली. ते दात त्यांच्या बोटांनीच ओळखले. चावी त्यांच्या स्वतःच्या घराची होती.

"कु... कुणाची आहे ही?"

"आहे एका ओळखीच्यांची. त्या घरच्या वहिनी फार बोलतात हो. बुधवारपर्यंत जरा गप्प बसल्या तर सगळ्यांच्याच जिवाला बरं."

चावीवाल्यांनी चावी बनवून दिली. माणूस केव्हाच निघून गेला, तरी चाव्या घासायचं यंत्र नुसतंच फिरत होतं. "अहो, ते बंद करा की," असं शेजारचा फळवाला ओरडला, तेव्हा कुठे ते भानावर आले.

तडक घरी जाऊन त्यांनी दाराचं कुलूप बदललं.

"जुन्याला काय धाड भरली होती?" बायकोने विचारलं.

"अडकत होतं."

"मला तर कधी अडकलं नाही."

संध्याकाळी ती नेहमीसारखी सांगायला बसली. बुधवारी सकाळी सगळ्यांनी सुनावणीला यायचंच, हे वाक्य तिने दोनदा सांगितलं. चावीवाल्यांनी बाकीचं सगळं लिहिलं. तेवढ्या वाक्यापाशी अंगठा थिजला. ते वाक्य गाळून त्यांनी खबर पाठवून दिली. नवऱ्याने लिहिलेलं पुन्हा वाचायची तिला सवयच नव्हती.

रविवार कसाबसा गेला. जिन्यात पाऊल वाजलं की चावीवाले उठून दाराला कान लावायचे. सोमवारी संध्याकाळी शाळेतल्या बाई आल्या.

"ताई, गोदामाचं काय झालं हो? खबरीत तर काहीच नाही."

"असं कसं? मी स्वतः सांगितलंय." तिने मोबाइल घेतला, वरून खाली वाचलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बाई काय ते समजल्या आणि निघून गेल्या.

"अहो, ते वाक्य कुठे गेलं?"

"मी गाळलं."

ती कडाडणार होती, पण त्यांचा चेहरा बघून थांबली. "काय झालंय? मला सांगा."

त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती मटकन खाली बसली.

"मागच्या सभेला माझी पर्स खुर्चीवर राहिली होती," ती हळूच म्हणाली. "एकाने धावत येऊन आणून दिली. इस्त्रीचा शर्ट होता. आतल्या चावीचा ठसा तेव्हाच घेतला असणार. मी तर त्याला चहासुद्धा विचारला."

मग ती उठली, दाराची कडी बघून आली. परत बसली, परत उठली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचे हात कापताना चावीवाल्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांना त्या चावीपेक्षा या हातांचीच जास्त धास्ती वाटली.

"मला भीती वाटतेय हो. अशा वेळी काय करायचं असतं?"

"घाबरायचं ना? ते मला विचार. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही."

तिला हसू फुटलं आणि त्यातच ती रडायला लागली.

"आधी पाणी पी," ते म्हणाले. "आणि एकट्याने कुढायचं नाही. मी दोन दिवस तेच केलं. वेड लागायची पाळी आली. कुणाला तरी सांगून टाकायचं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

दोघं पोलीस चौकीत गेली. हवालदाराने जांभया देत का होईना, तक्रार लिहून घेतली. घरी आल्यावर चावीवाल्यांनी पहिल्यांदाच आपल्या मनाने टाइप केलं: 'शनिवारच्या खबरीतून सुनावणीचं वाक्य मी गाळलं. ताईंनी नाही. आमच्या घराची चावी दाखवून मला धमकावलं गेलं. पोलिसांना कळवलंय. भीती अजून वाटतेच आहे. तरी बुधवारी मी जाणार. तुम्हीही या.'

"पाठवू?"

तिने डोळे मिटले. "पाठवा."

बराच वेळ कुणाचंच उत्तर नाही. दोघंतिघं तर गुपचूप ग्रुप सोडून गेले. मग फळवाल्याने लिहिलं, 'येतो.' पाठोपाठ शाळेतल्या बाई, मग वरच्या मजल्यावरच्या आजी, मग एकेक करत बाकीचे.

बुधवारी सभागृह काही तुडुंब भरलं नाही, पण निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या. शेवटच्या रांगेत तो माणूस बसला होता. खुर्चीची पाठ धरून चावीवाले उभे राहिले आणि चिरक्या आवाजात दारावरच्या पोलिसाला म्हणाले, "हाच तो." सगळी डोकी मागे वळली.

पोलिसांनी त्याला चौकीत नेलं. "चावी? कसली चावी?" एवढंच तो म्हणत राहिला. काहीच शाबीत झालं नाही, संध्याकाळी सुटला. परवाना मात्र वाढला नाही. पिंपं हलायला पुढे बरेच आठवडे लागले, पण हलली.

तो माणूस अजूनही कधीमधी बस थांब्यावर दिसतो. तो दिसला की चावीवाल्यांचे तळहात घामेजतात. टपरी ते बंद करत नाहीत, पण फळवाल्याला हाक मारून जवळ बोलावून घेतात.

शनिवारी आता सगळं सांगून झालं की बायको विचारते, "यात कुणाला झोंबेल असं काही आहे का हो?"

"आहे," ते म्हणतात. उठून खिडक्या बघून येतात, घोटभर पाणी पितात आणि पाठवून देतात.