तांडेलाने बदकांना तेल लावलं

माझ्या सासऱ्यांचं एक तत्त्व होतं: पाण्यापासून जे वाचवायचं, त्याला तेल लावायचं. होडीला मोरी माशाचं तेल, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल, आणि पावसाळा तोंडावर आला की स्वतःच्या टाचांनाही खोबरेलच. चाळीस वर्षं त्यांनी देवबागच्या किनाऱ्यावरून होडी नेली. ते तिचे तांडेल होते, आणि होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो. घरीही तो शेवटचाच असावा अशी त्यांची समजूत होती आणि सासूबाईंनी ती कधी मोडली नव्हती. मी मात्र वालावलची, जरा तोंडाळच.

वालावल त्याच कर्ली खाडीच्या वरच्या अंगाला. माझे वडील तिथे खाडीत जाळं टाकायचे आणि दारात बदकं पाळायचे, त्यामुळे बदकांतलं आपल्याला कळतं असा माझा लहानपणापासूनचा तोरा. लग्न होऊन देवबागला आले तेव्हा तो दाखवायला जागाच नव्हती. मग दोन हजार तीन-चारच्या सुमारास सासऱ्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. होडी माझ्या नवऱ्याकडे आली आणि सासरे ओसरीवरच्या खाटेवर आले. तिथून त्यांनी तांडेलकी सुरू केली. कढीत मीठ किती, कपडे कुठल्या दोरीवर, शेजारणीशी किती वेळ बोलायचं, सगळ्यावर हुकूम. पंधरा दिवसांत मी टेकीला आले. माहेरी गेले आणि येताना तीन माद्या आणि एक नर, अशी चार पांढरी बदकं डालग्यात घालून एसटीने घेऊन आले. यांना हुकूम सोडायला दुसरं कोणीतरी हवं, ही त्यातली खरी मेख.

औषध लागू पडलं. आठवड्याभरात खाट रिकामी झाली. सासऱ्यांनी जुन्या होडीच्या फळ्या काढून खुराडं बांधलं, जमिनीपासून हातभर उंच, तळाला थोडा उतार दिलेलं. भोवती फाटक्या जाळ्याचं कुंपण घातलं. रोज सकाळी ओला पेंढा उपसायचा, फळ्या खराट्याने घासायच्या, ऊन लागून खडखडीत वाळल्या की चुलीतली राख भुरभुरायची आणि मगच कोरडा पेंढा अंथरायचा, हे मी त्यांना एकदाच सांगितलं. बदकांचं अंग घाणीत लोळलं की पिसं चिकटतात, मळकी पिसं पाणी धरतात आणि बदक गारठतं, हे त्यांना पटलं. होडी धुतल्याशिवाय घरी न येणारा माणूस तो. खुराडं धुतल्याशिवाय चहा घेईनासा झाला. धुवणाचं पाणी माडाच्या मुळाशी जायचं, तो माडही खूश होता. सासरे काठी टेकत दुकानापर्यंत निघाले की चारही बदकं रांगेने मागून जायची. वाडीतली पोरं ओरडायची, "तांडेलाक नवे खलाशी गावले!" सासरे वळून दटावायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

खटका उडायचा तो एकाच गोष्टीवर, पाण्यावर.

"पाण्यातल्या पाखराक पाणी दाखवूक लागता काय गो?" ते म्हणायचे. "खाडी दोन पावलांर आसा, आणि तू बावीचा गोडा पाणी घालतंस!"

"बाबा, खाडीचा पाणी खारा. पिसांर मीठ बसता. तेंका रोज गोड्या पाण्यात मान बुडवूक व्हयी."

हे मी त्यांना सात वेळा तरी सांगितलं असेल. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची घरं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागे आणि उरलेलं पाणी मचूळ लागे. अशा दिवसांत बदकांसाठी घमेलंभर पाणी ओतताना सासूबाईही डोळे वटारायच्या.

नेमकं त्याच मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न निघालं. पाच दिवस माहेरी जायचं होतं. निघताना मी सासऱ्यांना पुन्हा बजावलं, खाडीत सोडू नका, संध्याकाळी घमेलं भरा. त्यांनी मान डोलावली. तांडेलाने मान डोलावली म्हणजे ऐकलं असं नसतं, हे तोवर मला कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी परत आले तर वाटेवरच मोरी माशाच्या तेलाचा वास आला. पाऊस जवळ आला की होड्या वर ओढून त्यांना तेल लावतातच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. सासरे बेड्याशीच, कुंपणाच्या फाटकापाशी, उभे होते, माझी वाट बघत, लग्न जणू त्यांच्याच घरी असल्यासारखे खुशीत.

"ये गो, ये. बघ तुझी बदकां!"

अंगणात चारही बदकं उन्हात उभी होती. पांढरी नव्हती, पिवळी होती आणि चकाकत होती. पिसांचे झुपके-झुपके होऊन अंगाला चिकटले होते, मधून कातडी दिसत होती. माझ्या हातातली लाडवांची पिशवी खाली गळून पडली.

मी गेल्यावर सासऱ्यांनी रोज त्यांना खाडीत सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी पिसं राठ आणि खरखरीत झाली. "लाकूड सुकला काय आमी तेल लावतंव," ते मला समजावून सांगायला लागले. "हेंका पण लावलंय. तू येवच्या आधी चकचकीत करूक व्हयी होती. आता बघ कशी तरंगतत!" आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी नराला उचललं, खाडीच्या कडेला नेलं आणि पाण्यात सोडलं.

नर तरंगला नाही. पाणी पिसांत शिरलं आणि तो मानेपर्यंत खाली गेला. पंख आपटायला लागला. सासरे त्या गुडघ्यांनिशी, लुंगीसकट पाण्यात घुसले आणि त्याला छातीशी धरून बाहेर आले. भर मे महिन्याच्या उन्हात नर थरथरत होता.

मी तोंड सोडलं. सुनेने सासऱ्याला असं बोलू नये, पण मी बोलले, आणि मोठ्याने बोलले. "तुमची होडी नाय ही, बाबा! जिवंत आसत ती! बदकां आपला तेल आपण लावतत, तेंका तुमचा तेल नको!" शेजारणी कुंपणाशी आल्या. नराला तसंच धरून सासऱ्यांनी फक्त विचारलं, "मरतली काय गो ती?"

"माका काय म्हायत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं, पण मी ते लागावं म्हणून बोलले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी ताटातला बांगडा बाजूला सारला. आमटी नको, तळलेला नको, ताकभात द्या म्हणाले. सासूबाईंचा हात डावासकट हवेतच थांबला. "हेंका डॉक्टराकडे नेवया," त्या माझ्या कानात पुटपुटल्या. तेव्हा माझा राग उतरला आणि भीती वाटायला लागली. बदकं गेली असती तर हा माणूस पुन्हा खाटेवर जाऊन पडला असता आणि या वेळी हुकूमही सोडले नसते. माझ्याच हौसेने आणलेली बदकं होती ती. ती जगवणं भागच होतं.

तेल काढायचं तर साबण हवा आणि साबण काढायचा तर गोडं पाणी हवं, तेही भरपूर. आमच्या विहिरीत पिण्यापुरतंच होतं. मी हे सासूबाईंना सांगत होते, तेवढ्यात सासरे उठले, कोपऱ्यातली कळशी घेतली आणि बाहेर पडले. या माणसाने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आता दारोदार जाऊन म्हणत होते, "एक कळशी गोडा पाणी दी गो. बदकांक व्हया."

वाडी थोडीच सोडते! "तांडेलानू, तेल लावून झाला, आता आंघोळ? दिवाळी मे म्हयन्यात इली काय?" हसले सगळे, पण कळशी नाकारली कोणीच नाही. उन्हं कलेपर्यंत अंगणात हंड्या-कळश्यांची रांग लागली. काही भरलेली भांडी तर टिंगल करणाऱ्यांनी स्वतःच डोक्यावरून आणून दिली.

पाणी कोमट केलं. भांडी घासायच्या साबणाचा फेस केला. सासऱ्यांनी बदक धरायचं आणि मी धुवायचं, पिसं ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने हात फिरवत. "मान धरा. आता सोडा. उलटो हात नको, बाबा." ते निमूट ऐकत होते. एकेका बदकाला चार-चार वेळा पाणी बदलावं लागलं. शेवटी आम्ही दोघंच इतके तेलकट झालो होतो की आम्हाला कोणी पाण्यात टाकलं असतं तर बुडलो नसतो, असं सासूबाई म्हणाल्या. त्यावर सासरे पहिल्यांदा हसले.

पण अर्धंच काम झालं होतं. साबणाबरोबर बदकांचं स्वतःचं तेलही धुतलं गेलं होतं. त्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. तिच्यावर चोच घासायची आणि ते तेल पिसापिसाला लावायचं, हे काम त्यांचं त्यांनाच करावं लागतं. आम्ही फक्त खुराडं कोरडं ठेवायचं, मान बुडेल एवढं गोडं पाणी ठेवायचं आणि वाट बघायची. तोवर पोहायला बंदी.

सासरे पाटावर बसून दिवसभर बघत राहायचे. मी कामातून बाहेर आले की बातमी तयार असायची. "नरान आज डावो पंख साफ केल्यान." "ती बारकी मादी आळशी आसा गो, पोटाखाली बघीतच नाय." रोज सकाळी ते प्रत्येकाच्या पाठीवर चमचाभर पाणी सोडायचे. पाणी पिसांत मुरायचं आणि ते मान हलवायचे. पेंढा दिवसातून दोनदा बदलायला लागले. माहेराहून आणलेलं पेंढ्याचं पोतं संपलं तर दुसरं मागवायला लावलं.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी त्यांची हाक आली, "गो, धाव!" मी पीठ लागलेल्या हातांनी धावले. नराच्या पाठीवर त्यांनी पुन्हा चमचा रिकामा केला. पाण्याचे मणी झाले आणि अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली गेले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो.

शेजारच्यांची माडांना पाणी द्यायची सिमेंटची टाकी होती. पहिला पाऊस नुकताच पडून गेल्यामुळे ती गोड्या पाण्याने भरली होती. संध्याकाळी बदकं तिथे नेली. पाणी दिलेल्या सगळ्या घरांतली माणसं जमली, आपल्या कळशीचं काय झालं ते बघायला. मी नराला उचललं. सासरे टाकीकडे पाठ करून उभे राहिले. वादळातून होडी परत आणलेला माणूस, पण त्यांना बघवेना.

"काय जाता ता सांग माका," ते म्हणाले.

मी नराला सोडलं. तो पाण्यावर राहिला. उंच, कोरडा, हलका. त्याने मान बुडवली, पाणी पाठीवर उडवलं, शेपूट झटकली आणि टाकीची एक फेरी मारली. मागून तिन्ही माद्या उतरल्या, आळशी मादीसुद्धा. मला इतका आनंद झाला की सून असल्याचं विसरून मी टाळ्या पिटल्या.

"बाबा, वळा."

ते वळले. बराच वेळ बघत राहिले. गळ्यातल्या पंच्याने त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

"तांडेलानू," शेजारीण म्हणाली, "आता परत तेल लावशात मा?"

"तांडेल मी होडयेचो," सासरे म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बदकांची तांडेल ही आसा. काय विचारूचा ता हिका विचारा."

सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बाबा, खुराड्यातलो पेंढो ओलो आसा. बदलूक व्हयो."

"होय," ते म्हणाले आणि काठी टेकत निघाले. चाळीस वर्षं खलाशांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं ते "होय", त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.