खांबावरचं पान

कोविडमधून उठले, पण वास गेला तो गेलाच. फोडणी करपली तरी कळेना. त्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या सायकलवाटेनं मी रोज चालायची. वाटेत एका डच आजींची बाग होती, कुंपणातले चार वाफे नि काही कुंड्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी अडचण ऐकून त्यांनी डोळे मिटले, झाडांतून बोटं फिरवत एक पान खुडलं, चुरडून कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि दीड मीटर मागे सरकल्या. मला कसलाच वास येईना.

“कसलं आहे हे?”

“ते तू सांगायचं.”

तरुणपणी त्या घानातल्या एका खेड्यात, झाडपाल्याच्या दवाखान्यात सेवेला गेल्या होत्या. तिथे हौसेनं सगळ्या बरण्यांवर त्यांनी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिथल्या म्हाताऱ्या वैद्यबाईंनी त्याच दिवशी त्या काढायला लावल्या. “म्हणाल्या, चिठ्ठी वाचायची सवय लागली की हात आंधळे होतात.”

मग रोज खांबावर एक पान. मी हुंगायची, मान हलवायची, त्या “उद्या” म्हणायच्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी हिरवं पातं नाकाशी नेलं आणि मराठीतच ओरडले, “गवती चहा!”

आजी चटकन दोन पावलं पुढे आल्या, दीड मीटर विसरून.

“कसा येतो गं वास? नीट सांग. माझा मार्चपासून गेलाय.”

मी त्यांच्या मातीनं माखलेल्या बोटांकडे बघतच राहिले.