अंबादासमामांचं न ऐकलेलं गाणं

अंबादासमामांना हळू बोलता येत नसे. भवानी पेठेत मी खोली घेतली, त्याच दिवशी त्यांनी समोरच्या ओट्यावरून विचारलं, "सर, लगीन झालंय का व्हायचंय?" मी संकोचून "व्हायचंय" म्हणालो. मामांनी ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे तीन स्थळं आली. आता ते हैदराबादला लेकीकडे असतात. त्यांचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरतो.

दोष त्यांचा नव्हता. तीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवला. तिथल्या खडखडाटात कानाशी तोंड नेलं तरी शब्द पोचत नाही, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. मामा घरी तेलुगू बोलत, गल्लीत मराठी, समोरच्या मागावरच्या रफीकभाईंशी दखनी आणि कामावर ही चौथी, बिनआवाजाची भाषा.

त्या खडखडाटात ते दिवसभर गात. गाणी स्वतः रचलेली, चालीही स्वतःच्या. घरी मात्र कधी गायले नाहीत. "माग बंद, की माझा गळा बंद, सर," ते म्हणत. "ठेकाच सापडत न्हाय बगा." रफीकभाईंना त्यांच्या ओठांवरून सगळी गाणी शब्दन् शब्द पाठ होती, पण चाल त्यांनीसुद्धा ऐकली नव्हती.

अशात राज्याराज्यांमधल्या गाण्यांची स्पर्धा सुरू व्हायची जाहिरात आली. पहिलंच वर्ष. प्रत्येक राज्याचं एक नवंकोरं गाणं देशासमोर जाणार आणि त्यासाठी पहिली निवड जिल्ह्याजिल्ह्यांत होणार. मामा अर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. संगीताचं शिक्षण या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ल्हिवा की, यंत्रमाग."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर हा माणूस चारचौघांत फजिती करून घेणार, अशी मला भीतीच वाटत होती. मी आडून आडून तसं सुचवलं. तेव्हा मामा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "नंबर न्हाय आला तर न्हाय येऊ दे, सर. तीस वर्सं गातोय. एका मानसानं ऐकलं न्हाय. येकदा कुनीतरी ऐकावं, बास." मी गुपचूप फॉर्म भरला.

निवड एका शाळेच्या सभागृहात होती. ध्वनिमुद्रणासाठी पंखेदेखील बंद केलेले. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर गेले, तोंड उघडलं आणि गप्प उभे राहिले. "काका, करा सुरुवात," परीक्षक बाई म्हणाल्या. मामा घाम पुसत म्हणाले, "कसं करू? हितं लई शांत हाय की."

लोक हसले. माझी मान खाली गेली. तेवढ्यात मागच्या रांगेत रफीकभाई उठले आणि लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी बडवू लागले. खटाक खट, खटाक खट. अगदी यंत्रमागासारखं. संयोजक धावले. साथीला वाद्य चालतं का, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी नियम तरी कुठे पुरते झालेले? मुंबईला फोन लागला. खुर्चीबद्दल काही ठरलेलं नाही, असं तिकडून उत्तर आलं. बाई म्हणाल्या, "मग वाजवा."

आणि मामा गायले.

"गेली माझी राणी, राणी गेली माहेराला,
सुनं सुनं घर माझं, कोन न्हाई बोलायाला..."

शब्द हे असे, आणि चाल? वरातीत नाचावं अशी! बायको माहेरी गेल्याचा इतका उघड आनंद मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मामींनी कपाळावर हात मारला आणि पदरात तोंड लपवून हसत सुटल्या. रफीकभाई वाजवता वाजवता ओरडले, "अरे, ये तो खुशी का गाना है रे! मैं इत्ते बरस तेरे वास्ते उदास होरा था!"

महिन्याभराने यादी लागली. राज्याकडून जाणारं गाणं दुसऱ्याच जिल्ह्याचं निवडलं होतं. मामांना सांगायला मी जड पायांनी कारखान्यात गेलो. तिथे माझा आवाज कुठला पोचतोय? मी नुसती मान हलवली. मामा हसले, खांदे उडवले आणि पुन्हा मागाकडे वळले. मला फार वाईट वाटलं. पण रफीकभाईंनी ते पाहिलं आणि ओठांनी पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. बघता बघता बातमी मालकांपर्यंत गेली. मालक उठले आणि त्यांनी चालू पाळीत मेन स्विच खाली ओढला.

सगळे माग थांबले. मालक म्हणाले, "अंबादास, आमी काय घोडं मारलंय? आमाला बी ऐकव की."

रफीकभाईंनी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. मामांनी पहिली ओळ म्हटली आणि दुसरी ओळ सगळा कारखानाच गाऊ लागला. वर्षानुवर्षं ओठ वाचून शब्द प्रत्येकाला पाठ होते! पण चाल ज्याने त्याने मनातल्या मनात लावलेली. कुणी भजनाच्या चालीवर, कुणी कव्वालीच्या, एक म्हातारा तर थेट अंगाईच्या. असा अफाट गोंधळ, आणि त्याच्या मधोमध डोळे पुसत, हसत मामा सगळ्यांच्या वरताण ओरडत होते, "अरे, चाल माजी धरा की रे!"